पट्टा बोलला नाही

आंधळ्या माणसाला लोक सहसा दोनच गोष्टी फुकट देतात, दया आणि सल्ला. सुचिताला तिसरी मिळाली, कमरेचा पट्टा.

पुण्याच्या कुठल्याशा संस्थेने नांदुऱ्यात मांडव घातला. हारतुरे झाले, पाहुण्यांची ओळख करून देता देता दुपार कलली, आणि मग तालुक्यातल्या आंधळ्यांना एकेक करून स्टेजवर बोलावून त्यांच्या कमरेला पट्टे बांधले. पट्टा चांगला चार बोटं रुंद, पुढच्या बाजूला बटणाएवढी दोन भोकं. भिंत, खांब, माणूस, म्हैस, काहीही आडवं आलं की तो पोटाला थरथरून सांगायचा, आणि जवळ जावं तसा जास्त थरथरायचा. तो बनवणारा प्रेम नावाचा तरुण इंजिनिअर माइकवरून म्हणाला, "आता काठीची गरज नाही. दोन्ही हात मोकळे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणारे सगळे डोळस होते.

सुचिताला चौथ्या वर्षी गोवर निघाला आणि जाताना तिचे डोळे घेऊन गेला. पण बाई रडत बसणाऱ्यांतली नव्हती. अंधशाळेत शिकली, पांढऱ्या काठीच्या भरवशावर एकटी एसटीने फिरली, आणि पोलिओने एक पाय अधू झालेल्या सहदेवशी लग्न करून नांदुऱ्याजवळच्या, पूर्णेकाठच्या काळ्या मातीतल्या ह्या गावात आली. लोक म्हणाले, लंगडा न् आंधळी, जोडी जमली. तिने ऐकलं आणि सोडून दिलं. स्वयंपाक, धुणं, भांडी, आठ महिन्यांच्या मैनाचं न्हाऊमाखू, सगळं तिच्याच हातचं. घर तिला तोंडपाठ होतं, फक्त कापसाचे महिने सोडून.

कापसाच्या दिवसांत त्या भागात घर हे घर राहत नाही, गोदाम होतं. मागच्या साली कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या आठवणीवर यंदा अख्खा तालुका कापूस घरात दाबून बसला होता आणि भाव काही येत नव्हता. बियाण्याच्या पाकिटावर बोंडअळी येणार नाही असं छापलेलं होतं, पण बोंडअळीला वाचता येत नसावं. तिच्या तावडीतून सुटलेला कापूस आता मधल्या खोलीत छताला टेकला होता. माणसं त्यातच जेवायची, त्यातच झोपायची आणि रात्रभर अंग खाजवायची. ढीग आज इथे, तर उद्या आपल्याच वजनाने हातभर पुढे सरकलेला. म्हणून ह्या दिवसांत सुचिताची काठी घरातही चालायची. टोक मऊ रुतलं की समजायचं, कापूस इथवर आला.

पट्टा आला आणि सासूने, अन्नपूर्णाबाईंनी, त्याच दिवशी काठी माळ्यावर टाकली.

"आता काठी कायले व? सकाळपासून टकटक टकटक. लोकं म्हनतात, अन्नपूर्णाच्या घरी सुतार बसला का काय."

"मामी, दोन्ही राहू द्या ना. पट्टाही राहीन, काठीही राहीन." सासूला ती तिकडच्या रीतीने मामी म्हणायची.

"त्या साहेबानं मायकात सांगतलं, काठी नको म्हून. तू त्याच्याहून शहानी हायस का?"

सुचिताने काठीचा नाद सोडला. खरं सांगायचं तर तिलाही पट्टा आवडला होता. दोन्ही हातांनी भरली कळशी उचलून चालायचं सुख काय असतं, हे डोळसांना कळायचं नाही. भिंत आली की पट्टा बोलायचा, दार आलं की गप्प व्हायचा, शेजारची शबाना समोर येऊन उभी राहिली तर कमरेला गुदगुल्या करायचा. शबाना मुद्दाम पुढे यायची आणि हसायची. ते हसणं दहा-बारा दिवस टिकलं.

थंडीत तान्ह्या लेकराला कापसाच्या ढिगात निजवायची त्या गावाची जुनी रीत. सरकी ऊब धरून ठेवते. ढिगाच्या कडेला हाताने खोलगट जागा करायची, जुनं लुगडं अंथरायचं, लेकरू ठेवायचं, ते दुपारपर्यंत हूं की चूं करत नाही. सहदेव असाच निजला होता, त्याची मोठी बहीण सिंधूताईही अशीच. त्या सकाळी अन्नपूर्णाबाईंनी मैनाला ढिगाच्या पायथ्याशी निजवलं आणि शेण काढायला गोठ्यात गेल्या. सुनेला सांगायचं राहून गेलं. ढीग तर इतके दिवस वाटेबाहेर होता, तो रात्रीतूनच पुढे सरकलेला, अर्धी वाट खाऊन बसलेला.

सुचिताने मागच्या चुलीवरून गरम पाण्याचा गंज, मोठं पातेलं, उतरवला, दोन्ही कानांना फडकी धरून, आणि मधल्या खोलीतून न्हाणीकडे निघाली. दारातून जाताना पट्ट्याने डाव्या चौकटीची चाहूल दिली. मग तो गप्प झाला. गप्प म्हणजे वाट मोकळी. ती मोकळ्या वाटेने चालली आणि गुडघ्यापर्यंत कापसात गेली. तोल गेला, गंज कलंडला, आणि कापसाच्या आतून मैनाची किंकाळी आली.

पोर वाचली. पाणी लुगड्यावर जास्त पडलं, तरी डावा पाय पोटरीपासून भाजला. नांदुऱ्याच्या डॉक्टरने पट्टी केली आणि जखम भरेल म्हणाला. घरातल्या जखमेवर पट्टी करणारं कोणी नव्हतं.

अन्नपूर्णाबाईंनी तिसऱ्या दिवशी खामगावपलीकडच्या उंद्रीहून सिंधूताईला बोलावून घेतलं आणि मैनाला तिच्या कडेवर दिलं. "जखम भरेलोक तिकडं राहीन," म्हणाल्या. अंगावर पिणारी पोर! सुचिताचं दूध दोन दिवस ब्लाउज भिजवत राहिलं. छाती दगडासारखी झाली, ताप भरला. शबानाने कोबीची पानं आणून बांधली आणि रडली. मग दूध हळूहळू आटलं. जखम भरली तेव्हा अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, पोट्टी चालायले लागली की आनू. फोनवर सिंधूताईने सांगितलं, पोर उभी राहते आता, तेव्हा त्या म्हणाल्या, समज येईलोक राहू दे. उद्या पोरीची हळद ठरली असती तरी त्यांच्या लेखी तिला आणायची वेळ झाली नसती.

आणि दोष कोणाचा? कापूस वाटेत सरकू देणाऱ्याचा नाही, लेकरू तिथे निजवून न सांगता जाणारीचा नाही, काठी माळ्यावर टाकणारीचाही नाही. सहदेवने पट्टा स्वतःच्या कमरेला बांधून भिंतीपुढे उभं राहून पाहिलं. पट्टा इमानदारीत थरथरला. झाला निकाल! चोर सोडून संन्याशाला सुळी.

"मशीन बराबर हाय," सहदेव खाली मान घालून म्हणाला. "तुह्यंच ध्यान नसन."

"नाचता येईना, अंगन वाकडं," अन्नपूर्णाबाईंनी वरून टाकलं.

सगळ्यांत वाईट म्हणजे सुचिताला ते पटलं. पट्टा बोलला असेल, आपणच चुलीवरच्या दुधाचा विचार करत होतो, आपल्यालाच कळलं नाही. तिने पट्टा पेटीत कपड्यांखाली ठेवून दिला आणि माळ्यावरची काठी मागण्याचीही तिला हिंमत झाली नाही. घरात ती भिंत धरून चालू लागली. आपल्या लेकराला आपणच भाजलं, ही गोष्ट ती रोज उठून स्वतःला सांगायची, आणि कोणीही तिला नको म्हणायचं नाही.

होळी आठवड्यावर आली असेल तेव्हा संस्थेची गाडी दारात येऊन उभी राहिली. प्रेम आणि त्याच्यासोबत कॅमेरावाला. त्यांना सुचिताची यशोगाथा काढायची होती. गावची वाट विचारत आले, चहा घेतला, घर किती छान आहे म्हणाले.

"ताई, पट्टा घाला ना. तुम्ही नेहमी काम करता तसं करायचं. कॅमेऱ्याकडे लक्षच द्यायचं नाही."

सुचिता हलली नाही. "साहेब, आधी एक सांगा. तुमचा पट्टा कधी चुकते का?"

"चुकतो म्हणजे?"

तिने सांगितलं. कुठेही न थांबता सांगितलं, जसं रोज स्वतःला सांगायची तसंच. दारातून निघाले, चौकट कळली, मग तो गप्प, मग कापूस, मग पोर. शेवटी म्हणाली, "भाजलं मीच. पन तो बोलला असन अन मले समजलं नसन, असं होते का? तेवढंच इचारायचं होतं."

प्रेमने दारातून मधल्या खोलीत डोकावलं. छताला टेकलेला कापूस पाहिला. आणि अगदी सहज, पाऊस पडतोय म्हणावं तसं, म्हणाला, "अच्छा, कापूस! मग तो बोललाच नसणार. ह्यातून एक आवाज निघतो, आपल्याला ऐकू येत नाही इतका बारीक. तो समोर आपटून परत आला की पट्टा थरथरतो. कापसावर आपटला तर परतच येत नाही, कापूस पिऊन टाकतो. गाद्या, रजया, कापूस, मऊ वस्तूंचा त्याला प्रॉब्लेम आहेच. माहीत आहे आम्हाला. पुढच्या मॉडेलमध्ये..."

"माहीत हाय?"

"हो म्हणजे, टेस्टिंगमध्येच..."

"पट्टा बांधायच्या आधीपासून माहीत होतं?"

आता प्रेमला काहीतरी कळलं. त्याने कॅमेरावाल्याला हाताने थांबवलं. "ताई, सगळ्या उपकरणांना मर्यादा असतात."

सुचिताच्या अंगातून काय गेलं ते तिलाच ठाऊक. दीड महिना! दीड महिना तिने आपल्या जिवाला खाल्लं होतं, आणि हा माणूस मर्यादा म्हणत होता. ह्यांनी पट्टे कुठे आणून वाटले? जिथे पोरं कापसात निजतात, म्हातारी माणसं कापसाला टेकून मरतात, जिथे घरात भिंती कमी न् कापूस जास्त, त्या मुलखात. कधी वाटले? ऐन वेचणी संपून घरं भरलेली असताना. आणि माइकवर काय सांगितलं? काठी फेका. एक शब्द, बाई गं, कापसापाशी काठी ठेव, एवढा एक शब्द त्या हारतुऱ्यांच्या गर्दीत कोणाच्या तोंडून निघाला नाही. बोलले असते तर टाळ्या थोड्या कमी पडल्या असत्या, एवढंच.

"मामी!" ती ओरडली. लग्न झाल्यापासून ती घरात ओरडली नव्हती. गोठ्यातून अन्नपूर्णाबाई आल्या, अंगणातून सहदेव आला, आवाज ऐकून कुंपणापलीकडून शबानाही आली. सुचिताने पेटीतून पट्टा काढला आणि प्रेमच्या हातात दिला. "बांधा. तुमच्या कमरेले बांधा. शबाना, याचे डोये बांध."

"ताई, अहो मी सांगितलं ना तोंडाने."

"तोंडानं तुमी लय सांगतलं साहेब. आता चाला."

शबानाने विचारसुद्धा केला नाही. डोक्यावरची ओढणी काढून त्याच्या डोळ्यांवर आवळली, चांगली गाठ मारून. सुचिताने त्याला खांद्याला धरून आधी भिंतीसमोर उभं केलं. पट्टा घुंघुं करू लागला, सगळ्यांनी ऐकलं. मग तिने त्याला मधल्या खोलीच्या दारात नेऊन वळवलं. "जा आता. वाट मोकळी असन तर तो गप राहीन."

पट्टा गप्प राहिला. पुण्याचा इंजिनिअर आपल्या पट्ट्याच्या भरवशावर चालत गेला आणि तोंडावर कापसात आपटला. वरचा ढीग त्याच्या पाठीवर घसरला. कॅमेरावाला खो खो हसला, शबानाही हसली. सुचिता हसली नाही. ती सासूच्या आवाजाची वाट पाहत होती.

सहदेव पुढे गेला, लंगडत, आणि प्रेमला हात देऊन उठवलं. ओढणी सोडली. मग तो तिथेच उभा राहिला, कापसाकडे पाहत. "सुचिता," तो म्हणाला, "म्या भिंतीवर पाह्यलं. कापसावर नाई पाह्यलं."

अन्नपूर्णाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "बरं बाप्पा. पट्ट्याचाच दोष म्हना. झालं समाधान? पन पोट्टी तिकडंच बरी. सिंधूले डोये हायत."

सुचिताला वाटलं होतं, खरं कळलं की पोर परत येईल. इतकं सोपं तिला वाटलं होतं! दोष तिचा होता तेव्हा पोर गेली, आता दोष तिचा नाही हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं, तरी पोर तिकडेच. म्हणजे ती गरम पाण्याने गेलीच नव्हती. पाणी नुसतं निमित्त होतं. सासूच्या मनात ती पोर जन्मल्या दिवसापासून सुचिताची नव्हती.

"मामी, तुमाले डोये होते ना त्या दिवशी? तुमीच निजवली तिले ढिगात. तुमीच काठी फेकली. तुमच्या डोयांनी काय केलं?"

"तोंड सांभाळ!"

"लय सांभाळलं. दीड महिना सांभाळलं. माह्यं दूध आटलं तरी सांभाळलं." ती प्रेमकडे वळली. "साहेब, गाडी काढा. उंद्रीले चला. तुमी जे अठी बोलले ते तठी माह्या ननंदेपुढं बोला, अन मले माह्यी पोट्टी घेऊन द्या. तुमच्या यशोगाथेले तेवढं तरी फिरू द्या."

"आज आम्हाला अकोल्याला..."

"साहेब," सहदेव म्हणाला, "चाला गुमान." मग आईकडे पाहून, "माय, तुले यायचं असन तं गाडीत बस. नाईतर घरी राह्य. पोट्टी येते आज."

अन्नपूर्णाबाई गाडीत बसल्या. भांडण अर्धवट सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. खामगावपर्यंत त्या बोलत राहिल्या, आंधळीच्या हातचं लेकरू कसं जगतं, लोक काय म्हणतील, सिंधूकडे दूधदुभतं कसं आहे. खामगाव मागे पडल्यावर त्या थकल्या. प्रेम पुढे ड्रायव्हरशेजारी बसून केसांतला कापूस काढत होता. सुचिताच्या मांडीवर पट्टा नव्हता आणि काठीही नव्हती, निघण्याच्या घाईत पट्टा घरी राहिला आणि काठी माळ्यावरच होती. सहदेवच्या खांद्यावर हात ठेवून ती उंद्रीत उतरली.

सिंधूताई दारातच होती, मैना कडेवर. गाडी, माय, भाऊ, अनोळखी साहेब, पाहून ती घाबरलीच. प्रेमने सांगितलं. ह्या वेळी त्याने मर्यादा वगैरे शब्द वापरले नाहीत. "चूक आमची होती. ताईंची नाही. आम्हाला माहीत होतं आणि आम्ही सांगितलं नाही," एवढंच म्हणाला आणि बाजूला झाला.

सिंधूताईने एकदा मायकडे पाहिलं. "म्या तं पह्यल्याच दिवशी म्हनलं होतं तुले, मायलेकरू तोडू नको म्हून. तू आईकतेस कोनाचं?" आणि तिने मैनाला सुचिताच्या हातांत दिलं.

सुचिताने पोर छातीशी धरली. जड झाली होती. डोक्याला वेगळ्याच तेलाचा वास. तिने डाव्या पायावरून हात फिरवला, पोटरीवर कातडी चिकट, गुळगुळीत लागली, जखम भरल्याची. तिथे तिने तोंड ठेवलं. आणि मैनाने एकदम अंग ताठ केलं, पाठ वाकवली आणि सिंधूताईकडे हात पसरून टाहो फोडला. परक्या माणसाने उचलल्यावर फोडतात तसा.

"पाह्य," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांचा आवाज मऊ झाला होता, आणि तो मऊपणा शिवीपेक्षा जास्त लागला. "ओयखत तरी हाय का तुले?"

सिंधूताईने नकळत हात पुढे केले. प्रेमने मान दुसरीकडे फिरवली. सुचिताच्या हातांतली पोर मासोळीसारखी निसटायला पाहत होती, तिच्या गालावर, डोळ्यांवर इवल्या मुठी बसत होत्या. एक क्षण तिचे हात सैल झाले. मग तिने पकड पक्की केली.

"नाई ओयखत," ती म्हणाली. "कशी ओयखन? दीड महिना तुमी तिले माह्यापासून तोडली, अन आता तिच्या तोंडून माह्या इरुद्ध साक्ष काढता? म्या तिले एकदाही पाह्यलं नाई मामी, तरी हजार लेकरांत हात लावून सांगीन ही माह्यी. तिले थोडा वेळ लागन. तेवढा मी देईन. तुमाले नाई देनार."

ती वळली, सहदेवचा खांदा शोधला आणि गाडीकडे चालू लागली. सिंधूताईने मागून धावत येऊन पोरीची कपड्यांची पिशवी गाडीत ठेवली, डोळे पुसत. गाडी निघाली. उंद्री सुटलं तरी मैनाचा आवाज खाली येईना. रडून रडून तिला उचकी लागली. कॅमेरावाल्याने खिडकी लावून घेतली. शेवटी अन्नपूर्णाबाईंना राहवलं नाही. त्यांनी बाजूने दोन्ही हात पुढे केले.

"दे व इकडं. माह्यापाशी गप राह्यते ते. जीव जाईन पोट्टीचा रडून."

सुचिताने पदर पोरीच्या पायावर ओढून घेतला.

"रडू द्या," ती म्हणाली. "माह्या मांडीवर रडू द्या."